निळं एक सेंटचं तिकीट, मागे जाळी: झेड ग्रिल आहे का, आणि ग्रिलचा संग्रह प्रदर्शनात कसा मांडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: काका न्यू जर्सीला असतात, त्यांनी तिकडच्या एका घरसामानाच्या सेलमधून जुना अल्बम घेतला, त्यात निळं एक सेंटचं फ्रँकलिनचं तिकीट आहे आणि मागे बारीक बारीक टोचल्यासारखी जाळी दिसतेय. कुठेतरी वाचलं की असं एक तिकीट छत्तीस कोटींना गेलं, मग हे तेच का? आणि ते नसलं तरी अशा ग्रिलवाल्या तिकिटांचा संग्रह करून प्रदर्शनात ठेवता येतो का, सुरुवात कुठून करायची?

मी ग्रिल जमवायला लागून आता अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली पहिली पाच-सहा चुका करण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी थेट उत्तर. झेड ग्रिल हा मागच्या जाळीचा एक ठरावीक मापाचा प्रकार, आणि एक सेंटचं झेड ग्रिल जगात आजवर दोनच माहीत आहेत. एक बेंजामिन मिलर यांनी १९२५ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिलेल्या संग्रहातलं, म्हणजे ते कधी विकायला येणारच नाही. दुसरं खाजगी हातात फिरतं. ते १९९८ ला ९,३५,००० डॉलरला गेलं, मग २००५ मध्ये त्याच्या मालकाने ते बिल ग्रॉस या संग्राहकाला दिलं आणि बदल्यात इन्व्हर्टेड जेनीचा, म्हणजे उलटं विमान छापलेल्या १९१८ च्या तिकिटाचा, चार तिकिटांचा प्लेट ब्लॉक (कडेला छपाईच्या प्लेटचा नंबर असलेली जोडलेली तिकिटं) घेतला, जो ग्रॉस यांनी त्याच महिन्यात जवळजवळ तीस लाख डॉलरला घेतला होता. आणि जून २०२४ मध्ये ग्रॉस यांचा संग्रह लिलावात आला तेव्हा याच निळ्या तिकिटाला ४३,६६,००० डॉलर मिळाले. तुम्ही वाचलेले छत्तीस कोटी ते हेच. तुमच्याकडचं तिसरं असण्याची शक्यता फार फार कमी आहे, पण मी न बघता नाही म्हणणार नाही कारण ते मोजून कळतं आणि मोजायला तुम्ही घरी बसून शिकू शकता.

आता ग्रिल म्हणजे काय ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होतं. आपल्याकडे पाट्याला टाकी लावायचे आठवतंय का? पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाला येऊन छिन्नीने बारीक बारीक खड्डे पाडायचा, मग मसाला सरकत नाही, धरून राहतो. ग्रिल तसंच. अमेरिकेत १८६० च्या दशकात टपालखात्याला भीती होती की लोक वापरलेल्या तिकिटावरचा शिक्का धुऊन तेच तिकीट परत लावतायत. नॅशनल बँक नोट कंपनी तेव्हा तिकिटं छापायची, तिथल्या चार्ल्स स्टील यांनी उपाय काढला आणि त्याचं पेटंट २२ ऑक्टोबर १८६७ चं आहे. बारीक पिरॅमिडसारखे उंचवटे असलेला रोलर कागदावरून फिरवायचा, कागदाचे तंतू तुटतात, मग शिक्क्याची शाई नुसती वर न बसता आत शिरते आणि धुऊन जात नाही. म्हणजे चित्र तेच, रंग तोच, छपाईची प्लेटसुद्धा तीच, फरक फक्त कागदाच्या अंगावर. मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळेच. समोरून बघितलं तर दोन तिकिटं जुळी बहिणी, आणि पालथी केली की एक शंभर रुपयांची आणि एक घर विकत घेण्याची.

पहिली ग्रिलवाली तिकिटं ऑगस्ट १८६७ ची, तीन सेंटची गुलाबी वॉशिंग्टन. त्यावर सगळ्या अंगभर जाळी, त्याला ए ग्रिल म्हणतात. पण अंगभर तंतू तुटल्यावर कागद इतका लेचापेचा झाला की तिकिटं वेगळी करताना दातांच्या ऐवजी मधूनच फाटायला लागली. मग जाळी लहान करत नेली. सी ग्रिल हा तर त्याच ए च्या रोलरवरचा मधलामधला भाग घासून काढून केलेला, म्हणून चांगल्या सी ग्रिलच्या तिकिटावर चौकटीच्या बाहेरही कधीकधी पुसट टोकं दिसतात, ती दिसली की मला अजूनही अंगावर काटा येतो, कारण दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी कारखान्यात ‘हे जमत नाहीये, कमी करा’ म्हटलेलं तुम्ही प्रत्यक्ष बघत असता.

ही ए, बी, सी अक्षरं टपालखात्याची नाहीत हं. ती पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम स्टीव्हन्सन या संग्राहकाने मापं घेऊन दिली. टपालखात्याला जाळी केवढी आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

ए, बी आणि सी मध्ये टोकं वर, म्हणजे चित्राच्या बाजूला उठलेली. डी पासून पुढे, झेड, ई, एफ सगळी टोकं खाली, म्हणजे मागच्या बाजूला उठलेली. मापं अशी: बी १८ बाय १५ मिलिमीटर, सी साधारण १३ बाय १६, डी १२ बाय १४, झेड ११ बाय १४, ई ११ बाय १३, एफ ९ बाय १३. हे एका कागदावर लिहून भिंगाच्या डबीत ठेवा, मी अजून ठेवते.

आता तुमच्या तिकिटाकडे येऊ. एक सेंटच्या निळ्या फ्रँकलिनवर तीनच ग्रिल येऊ शकतात, झेड, ई आणि एफ. स्कॉट कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिकिटांना नंबर देणाऱ्या अमेरिकन यादीत, बिनग्रिलचं १८६१ चं मूळ तिकीट क्रमांक ६३, झेडवालं ८५ए, ईवालं ८६, एफवालं ९२. म्हणजे काम सोपं झालं.

तिकीट चिमट्याने उचलून काळ्या कागदावर पालथं ठेवा. बोट फिरवून टोकं लागतायत का बघायचा मोह होतो, अजिबात करू नका, टोकं दबतात. खोलीतला वरचा दिवा बंद करा आणि टेबललॅम्प अगदी आडवा, जवळजवळ टेबलाला टेकलेला ठेवा. आडव्या उजेडात प्रत्येक टोकाची सावली पडते आणि जाळी एकदम उठून येते. आधी रुंदी मोजा. पारदर्शक पट्टीवर ९ च्या आसपास आली तर एफ, विषय संपला. ११ आली तर ई किंवा झेड, आणि इथे श्वास रोखून काम करायचं, कारण उंचीत फरक फक्त एक मिलिमीटरचा आहे. मग पट्टी सोडा आणि टोकं मोजा. ई मध्ये आडवी साधारण १४ आणि उभी १५ ते १७. झेडमध्ये आडवी १३-१४ आणि उभी १७-१८. कडेची टोकं अर्धवट उठलेली असतात म्हणून दोनतीनदा वेगवेगळ्या बाजूने उजेड देऊन मोजा, एकदा मोजून ठरवू नका.

आणि तरीही शंका राहिली तर शेवटची खूण, जी मापापेक्षा भरवशाची आहे. प्रत्येक टोक हे खरं तर सुईसारखं टोक नसतं, भिंगातून बघितलं तर घराच्या छपरासारखी एक इवलीशी रेघ असते. ई, एफ आणि बाकीच्यांत ही रेघ उभी असते. झेडमध्ये ती आडवी असते. किमान वीस पट मोठं दाखवणारं भिंग लागेल. मी पहिल्यांदा खरं झेड, दोन सेंटचं ब्लॅक जॅक, म्हणजे काळ्या रंगाचं अँड्र्यू जॅक्सनचं तिकीट, हातात धरलं तेव्हा दहा मिनिटं नुसत्या त्या आडव्या रेघा बघत बसले होते, कारण तोपर्यंत पाच-सहाशे तिकिटांवर फक्त उभ्याच बघितल्या होत्या. आधी स्वस्तातली एफ आणि ई भरपूर बघून ठेवली म्हणून ती आडवी रेघ डोळ्याला लगेच टोचली. उलटं कुणी करत नाही.

झेड सगळीच इतकी दुर्मिळ नाहीत हेही सांगते. दोन, तीन आणि बारा सेंटची झेड पैसे असतील तर मिळतात. एक सेंट आणि पंधरा सेंटची मात्र माहीत असलेली दोन-दोनच, दहा सेंटचीही मोजून सहा. आणि झेड सोडूनही दुर्मिळ आहेतच. बी ग्रिलची तीन सेंटची चारच तिकिटं माहीत आहेत आणि ती चारही एकाच पाकिटावरची, टेक्सासमधल्या मेसन गावाहून १८६९ मध्ये जर्मनीला गेलेल्या पत्रावरची. विचार करा, ते एक पाकीट कुणी चुलीत घातलं असतं तर बी ग्रिल नावाचा प्रकार होता हे आपल्याला कळलंही नसतं! अंगभर जाळीचं पाच सेंटचंही चारच, तीस सेंटचं आठ.

मोजून झालं की पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: जाळी खरी आहे का. बिनग्रिलचं तिकीट स्वस्त आणि ग्रिलवालं महाग, मग कुणालाही वाटणारच की आपण एक साचा करून जाळी दाबू या, आणि शंभर वर्षांपासून लोक ते करत आलेत. इथे माझी स्वतःची गोष्ट सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका मेळ्यात एका विक्रेत्याकडून तीन सेंटचं सी ग्रिल घेतलं, तेव्हाचा माझा दीड महिन्याचा पगार. सुंदर गुलाबी रंग, वर बूच कोरून केलेला काळाभोर शिक्का. तीन वर्षं ते माझ्या अल्बमचं पहिलं पान होतं. मग ते खरं-खोटं तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे सर्टिफिकेटसाठी पाठवलं आणि उत्तर आलं, तिकीट खरं, जाळी खोटी. मी परत भिंगाखाली धरलं आणि यावेळी जाळी न बघता शिक्का बघितला. काळ्या शाईच्या मधोमध पांढरे पांढरे बारीक ठिपके, प्रत्येक टोकाशी एक. म्हणजे शिक्का आधी पडला होता आणि जाळी नंतर दाबली होती, त्यामुळे तुटलेले तंतू कोरे पांढरे राहिले. खऱ्या ग्रिलमध्ये तंतू आधी तुटतात आणि शिक्का नंतर पडतो, म्हणून त्याच जागी शाई सगळ्यात जास्त मुरलेली असते, कधीकधी तर मागच्या बाजूला टोकाटोकाशी शाई पाझरलेली दिसते. ज्या कामासाठी ग्रिल काढलं तेच काम ते खरं असल्याचा पुरावा देतं. ते ठिपके तीन वर्षं माझ्या डोळ्यासमोर होते, मी कधी तिकडे बघितलंच नव्हतं.

दुसरी खूण तारखेची. शिक्क्यात १८६७ च्या आधीचं वर्ष वाचता येत असेल तर बाकी काही बघायची गरजच नाही. तिसरी न वापरलेल्या तिकिटाची. मागच्या मूळ गमावर, म्हणजे गोंदावर, जाळी गमासकट फुटलेली, कोरडी आणि धारदार दिसते, आणि कुणी नंतर गम चढवला असेल तर तो खड्ड्यांमध्ये साचलेला दिसतो, साबुदाण्याच्या पेजेची साय खोलगट ताटलीत बसते तसा. चौथी म्हणजे जाळी अति स्पष्ट असणं. एफ ग्रिल बऱ्याचदा पुसट असतं, १८७० च्या पुढच्या एच आणि आय मध्ये तर इतकं पुसट की बेंझिनमध्ये बुडवून शोधावं लागतं. सगळी टोकं एकसारखी कोरीव दिसली तर मला आनंद होत नाही, संशय येतो.

याच्या उलटीही फसवणूक असते, तीही लक्षात ठेवा. १८६९ च्या चित्रांच्या मालिकेत, जिच्यात आगगाडी, घोडेस्वार, कोलंबसचं आगमन अशी चित्रं आहेत, त्यात साधी तिकिटं ग्रिलवाली आणि बिनग्रिलची मूळ तिकिटं दुर्मिळ. मग लोक जाळी दाबून सपाट करतात. आणि १८७५ मध्ये टपालखात्याने हीच चित्रं बिनग्रिलची परत छापली, कडक पांढऱ्या कागदावर, तीही मूळ म्हणून खपवली जातात. त्यामुळे ‘जाळी नाही’ हे सुद्धा सर्टिफिकेट असल्याशिवाय मान्य करायचं नाही.

तुमच्या बाबतीत काकांचं घर न्यू जर्सीला आहे हे फार बरं आहे. फिलाटेलिक फाउंडेशन न्यूयॉर्कलाच आहे, १९४५ पासून हेच काम करते, आणि अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचीही तपासणी सेवा आहे. तिकीट भारतात आणूच नका, तिथेच दाखवा. पण आधी वर सांगितलं तसं मोजून घ्या, रुंदी ९ आली तर सर्टिफिकेटचा खर्च करण्यात अर्थ आहे का ते तिकिटाची अवस्था बघून ठरवा. आणि काका कधी वॉशिंग्टनला गेले तर तिथल्या नॅशनल पोस्टल म्युझियमला जाऊ देत, मिलर संग्रहातली तिकिटं, त्यात ते एक सेंटचं झेडही, तिथे लोनवर दाखवली गेलेली आहेत.

आता संग्रहाचं. छत्तीस कोटीची बातमी वाचून सुरुवात करणारे बरेच भेटतात आणि दोन महिन्यांत सोडून देतात, कारण त्यांना वाटतं हा फक्त अब्जाधीशांचा विषय आहे. तसं मुळीच नाही. तीन सेंटचं एफ ग्रिल, वापरलेलं, कडेला सरकलेलं, हे हजारभर रुपयांत मिळतं. १८६९ ची तीन सेंटची आगगाडी दीड-दोन हजारांत. तीन सेंटचं ई थोडं वर. दोन सेंटचं ब्लॅक जॅक एफ काही हजारांत. मी नवीन माणसाला नेहमी सांगते, पहिलं वर्ष फक्त तीन सेंट घ्या. सगळ्यात जास्त छापलं गेलेलं तेच, ग्रिलचे जवळजवळ सगळे प्रकार त्यावरच आहेत, आणि डोळा तयार होतो. पन्नास तीन सेंटची तिकिटं ज्याने स्वतः मोजली त्याला पुढे फसवणं अवघड आहे.

आणि जाळीच्या गमतीजमती शोधा, त्याला पैसा कमी आणि नजर जास्त लागते. रोलर कागदावर जिथे पडायला हवा तिथे न पडता सरकला की एका तिकिटावर दोन जाळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे येतात, कधी चारही कोपऱ्यांत चार तुकडे, त्याला स्प्लिट ग्रिल म्हणतात. कागद दोनदा गेला की दुहेरी ग्रिल. रोलरच्या टोकाचा ठसा उमटलेली वेगळी. विकणाऱ्याने बऱ्याचदा पालथं करून बघितलेलंच नसतं, साधं ९४ नंबर, म्हणजे तीन सेंटचं एफ, म्हणून ठेवलेल्या ढिगात मला एकदा चार तुकड्यांचं मिळालं, त्या दिवशी मी दादरपासून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये उभ्याने आले तरी पाय दुखले नाहीत.

पाकिटं घ्यायला लवकर सुरुवात करा. सुटं तिकीट सांगतं जाळी कशी होती, पाकीट सांगतं ती कुठे आणि का वापरली. उदाहरण देते, १ जानेवारी १८६८ पासून अमेरिकेहून इंग्लंडला पत्राचा दर २४ सेंटवरून १२ सेंट झाला, आणि १ जानेवारी १८७० ला ६ सेंट. म्हणजे बारा सेंटचं ई किंवा एफ ग्रिल एकटं लावलेलं इंग्लंडचं पाकीट हे बरोबर त्या दोन वर्षांच्या खिडकीतलं. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावचा जॉन हिल हा टपाल कारकून बुचावर कोरून शिक्के करायचा, १८६९ च्या नोव्हेंबरमधला त्याचा पळत्या कोंबडीचा शिक्का तर जगप्रसिद्ध आहे. एकीकडे कंपनी रोलर फिरवून तिकीट धुता येऊ नये म्हणून झटतेय आणि दुसरीकडे खेड्यातला कारकून चाकूने बूच कोरतोय, दोघांचं काम एकाच तिकिटावर येऊन भेटतं.

प्रदर्शनाबद्दल. तुम्ही विचारलंय ‘ठेवता येतो का’, नक्कीच येतो, पण ग्रिलची एक अडचण आहे जी दुसऱ्या कुठल्या विषयाला नाही. जे दाखवायचंय ते मागे आहे! माझ्या पहिल्या राज्यस्तरीय प्रदर्शनात मी एका फ्रेममध्ये सगळी तिकिटं छान समोरून लावली होती, खाली व्यवस्थित लिहिलं होतं ई, एफ, सी. ज्युरीतले एक गृहस्थ शांतपणे सगळी सोळा पानं वाचून म्हणाले, ‘ताई, हे सगळं तुम्ही सांगताय म्हणून मी मानायचं, मला दिसत काहीच नाही.’ त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

त्यानंतर मी असं करते. प्रत्येक प्रकाराचं एक तिकीट समोरून आणि शक्य असेल तर त्याच प्रकाराचं दुसरं, जरा डागाळलेलं चालेल, पालथं लावते. दुसरं नसेल तर मागच्या बाजूचा आडव्या उजेडातला फोटो शेजारी. फोटो मूळ आकाराचा लावायचा नाही, नियमाप्रमाणे तो किमान पंचवीस टक्के लहान किंवा मोठा हवा, मी दीडपट करते. त्यावर जाळीची चौकट बारीक लाल रेघेने दाखवते आणि बाजूला मोजलेली टोकं लिहिते, ‘१४ बाय १६’ एवढंच. साध्या स्कॅनरमध्ये उजेड एका बाजूने येतो म्हणून तिकीट एकदा उभं आणि एकदा आडवं ठेवून स्कॅन करा, एका बाजूने जाळी नाहीशी झालेली दुसऱ्या बाजूने सापडते.

गुण कसे देतात ते माहीत असलं की पैसा कुठे घालायचा ते कळतं. आंतरराष्ट्रीय नियमांत पारंपरिक विभागात मांडणीचा विचार आणि विषयाचं महत्त्व मिळून ३०, ज्ञान आणि अभ्यास ३५, अवस्था १० आणि दुर्मिळता २० मिळून ३०, आणि दिसणं, म्हणजे पान सुंदर असणं, फक्त ५. लोक त्या पाच गुणांसाठी रंगीत बॉर्डर छापत बसतात. दुर्मिळतेचे २० गुण पैशाशिवाय पूर्ण मिळत नाहीत हे खरंय, पण अभ्यासाचे ३५ कुणीही मिळवू शकतं आणि ग्रिल हा अभ्यासाचाच विषय आहे.

म्हणून सुरुवात एका फ्रेमने करा, सोळा पानं. आणि ती ‘माझ्याकडे असलेली ग्रिलवाली तिकिटं’ अशी नको. एक प्रश्न घ्या आणि सोळा पानांत त्याचं उत्तर दाखवा. माझी सगळ्यात जास्त गुण मिळालेली फ्रेम होती ‘जाळी लहान का होत गेली’. पहिल्या पानावर आराखडा. मग बिनग्रिलची १८६१ ची तिकिटं आणि धुतलेल्या शिक्क्याची अडचण. मग इतरांनी सुचवलेले उपाय, लोवेनबर्ग यांनी पारदर्शक कागदावर उलटं छापून वर गम लावायची शक्कल काढली होती, म्हणजे धुतलं की चित्रच जाईल, त्याचे नमुने मिळतात आणि फार महाग नसतात. मग ग्रिलचे प्रायोगिक नमुने. तिथून अंगभर जाळीचं तीन सेंट, कडेला फाटलेलं. हो, मी मुद्दाम फाटलेलं लावलं. अवस्थेचे गुण जातील असं सगळे म्हणाले, पण कागद का फाटायचा हे दाखवायला त्याच्याइतकं चांगलं तिकीट जगात नाही, आणि खाली तेवढंच लिहिलं. मग सी, डी, झेड, ई, एफ, प्रत्येकात जाळीची चौकट खऱ्या मापात काढून, म्हणजे पानं उलटताना ती डोळ्यासमोर आक्रसत जाते. शेवटच्या दोन पानांत १८६९ ची जवळजवळ चौकोनी जी ग्रिल, १८७० ची पुसट एच आणि आय. १८७३ मध्ये छपाईचं काम कॉन्टिनेंटल बँक नोट कंपनीकडे गेलं आणि जाळी जवळजवळ संपलीच. शेवटचं तिकीट मी पेरूचं लावलं, कारण नॅशनल बँक नोट कंपनीने छापलेल्या पेरूच्या १८७४ पासूनच्या तिकिटांवरही हीच जाळी आहे, अमेरिकेत कंटाळले तरी तिकडे चालू होती.

आधी जिल्हा, मग राज्याचं महापेक्स, मग राष्ट्रीय पातळीवर इन्पेक्स, असं चढत जायचं. जागतिक प्रदर्शनात जायचं तर राष्ट्रीय पातळीवर किमान व्हर्मील (सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचं) पदक लागतं. महाग तिकिटाचं सर्टिफिकेट पानाच्या मागे त्याच प्लॅस्टिकमध्ये ठेवा आणि पानावर तिकिटाशेजारी तशी बारीक खूण करा.

आणि सांभाळणं. हे मी मुंबई-कोकणातल्या लोकांना हात जोडून सांगते. ग्रिलवाल्या तिकिटाला पाणी आणि दाब हे दोनच शत्रू आहेत आणि पावसाळ्यात दोन्ही एकदम येतात. अल्बम एकावर एक आडवे रचू नका, खालच्याची जाळी वर्षानुवर्षांच्या वजनाने सपाट होते, पुस्तकासारखे उभे ठेवा आणि फार गच्च नाही. पाकिटावरून सोडवायला तिकीट भिजवू नका. गमवालं तिकीट पावसाळ्यात माउंटला, म्हणजे ते ठेवायच्या पारदर्शक खोळीला, चिकटलं तर ओढू नका, दिवाळीपर्यंत थांबा, हवा कोरडी झाली की बऱ्याचदा आपोआप सुटतं. कपाटात सिलिका जेल, तेही दर महिन्याला तव्यावर कोरडं करून. आणि वाकलेलं तिकीट जड पुस्तकाखाली ठेवून सरळ करायची सवय असेल तर ती या तिकिटांपुरती कायमची सोडा. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाने एक अप्रतिम ई ग्रिल असं एका रात्रीत बिनग्रिलचं करून टाकलं.

शेवटचं एक, हे माझ्या स्वतःच्या शोधाबद्दल. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला होतं. १८६७ ते १८७० च्या काळात बोस्टनहून त्यांना पत्रं येतच असणार, इंग्लंडमार्गे, इजिप्तमध्ये मधला टप्पा आगगाडीने. त्यातल्या एखाद्या पाकिटावर ग्रिलवालं तिकीट असेल आणि मागे मुंबईचा शिक्का असेल असं मला किती वर्षं वाटतंय. अजून माझ्या हाती आलेलं नाही, पण मी प्रत्येक लिलावाच्या यादीत भारताला आलेली अमेरिकन पाकिटं बघते. काकांच्या अल्बममध्ये पाकिटं आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर तिकिटांच्या आधी ती बघा, त्यांच्यावरचे पत्ते वाचा, आणि भारतातला एकही पत्ता दिसला तर पाकीट न उघडता, न पुसता दोन्ही बाजूंनी स्कॅन करून मला दाखवा.